पुढच्या कठड्यावरची वाकळ

मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत कुणाच्या दारात काय वाळत घातलंय, हे सगळ्यांना पाठ असतं. हल्ली शिवानंदच्या पुढच्या कठड्यावर रोज एक ओली वाकळ दिसायची. त्याची सहा वर्षांची लेक शांभवी झोपेत अंथरूण ओलं करायची.

"चार लोकांनी बघितलं की लाज वाटंल, मग बंद हुतंय आपोआप," म्हणत शिवानंद वाकळ मुद्दाम तिथं टाकायचा आणि शिरोलीला कामावर जायचा. काय हा शहाणपणा! लेक दप्तर तोंडाशी धरून गल्ली ओलांडायची, ते बघून तिची आई निर्मला वाकळ आत घ्यायला बघायची. पण नवऱ्यापुढं तिचं काही चालत नव्हतं.

मग शाळेतून पाण्याची बाटली भरलेलीच परत यायला लागली. सोमवारी निर्मला तिला आणायला गेली, तर पोरीचे ओठ सुकलेले. लघवीला बसली आणि कळवळून रडायला लागली.

"पाणी का पीत न्हाईस गं?"

"पाणी प्यालं की वाकळ भिजती. मग पप्पा भायेर टाकत्यात."

 निर्मलानं लेकीला उचललं आणि तडक दवाखाना गाठला.

"पाणी कमी पडून जंतुसंसर्ग झालाय," डॉक्टरीणबाई औषध देत म्हणाल्या. "दिवसभर भरपूर पाणी पाजा. संध्याकाळनंतर थोडं कमी. लघवीला नेऊन मगच झोपवा. आणि रागावू नका, ती हे मुद्दाम करत नाही."

घरी शिवानंद कारखान्याच्या सोमवारच्या सुट्टीमुळं निवांत बसला होता. त्याची थोरली बहीण, आक्का, नुकतीच कुरुंदवाडहून आली होती. निर्मलानं रडत रडत सगळं सांगितलं. शिवानंदचा चेहरा उतरला, तरी तो पुटपुटला, "वळण नगं का लावाय, आक्का?"

आक्का कडाडली, "वळण? आन् तुजी वाकळ कुटं वाळायची, ठावं हाय?"

"माजी?"

"व्हय, तुजीच! नऊ वर्सांचा हुईस्तोर! आई उजाडायच्या आत धुवायची आन् मागल्या परड्यात कडब्याआड टाकायची. कुणाला सांगायचं न्हाय म्हणून मला शपथ घातलीती तिनं. आज या पोरीपायी मोडली मी!"

शिवानंदची नजर पुढच्या कठड्यावर गेली. आईनं एवढी वर्षं झाकलं होतं ते, आणि आपण स्वतःच्या लेकीचं उघड्यावर टांगलं!

आईच्या पदराआडून शांभवी हळूच म्हणाली, "पप्पा, तुमीबी?"

"व्हय गं बाळा, मीबी."

त्यानं उठून पेला भरला आणि तिच्यापुढं धरला. ती घेईना.

"भिजली तर?"

"भिजू दे. मागं वाळवू की आपण दोघं."

शांभवी घटाघटा पाणी प्याली, आणि निर्मलाला रडू आवरेना.

वाकळ अजूनही अधूनमधून भिजते, पण गल्लीला ते कळत नाही. आईबापांनो, लेकराची झोपेतली चूक चव्हाट्यावर मांडू नका. उन्हात वाळवायची असते ती वाकळ, लेकरू नव्हे!