सुखीबाईच्या कवड्या आणि १०८९

वासरं पटापट मेल्यानं घाटंजीच्या वाटेवरचा अख्खा बंजारा तांडा लिंबाखाली लोटला होता. फांदीला लाल फडक्यानं तोंड बांधलेला तांब्या लटकत होता आणि खाली निरंजनबाबा डोळे गरगर फिरवत होता.

"या तांब्यात डाकणीचा आकडा हाय! देवीनं सकाळीच लिहून घेतला. जिच्या कवड्या तोच आकडा बोलतील, तिनंच तुमची वासरं खाल्ली!"

बोट रोखलं गेलं ते विधवा सुखीबाईवर. चार दिवसांपूर्वी तिनं बाबाला बोकड द्यायला साफ नकार दिला होता, हे मात्र कोणाला आठवलं नाही.

तिनं आपल्याच घागऱ्याच्या कवड्या तोडून तीन वाट्यांत टाकल्या. दोन, पाच, सात. पहिल्या आणि शेवटच्या वाटीत सारख्या टाकायच्या नाहीत, एवढंच बाबानं बजावलं होतं. हिशेब मात्र त्यानं देवराव गुरुजींच्या हाती दिला. गुरुजींच्या शब्दावर तांड्याचा विश्वास, हे त्या भामट्यानं बरोबर हेरलं होतं.

बाबा सांगेल तसं गुरुजींनी पाटीवर २५७ मांडले. उलटे केले, ७५२. मोठ्यातून लहान वजा केला, ४९५. तेही उलटे करून, ५९४, त्यात मिळवले. १०८९.

तांब्यातला कागद उलगडला. १०८९!

"सुखी, दिवस बुडायच्या आत तांडा सोड," तांड्याचा प्रमुख हरिसिंग नायक गरजला. मागं कोणीतरी दगड उचलला.

"गुरुजी, तुमीबी मले डाकण म्हणता काय?" सुखीबाईनं विचारलं.

गुरुजींनी पाटी जवळ ओढली. हिशेब पुन्हा तपासला, तो बिनचूक होता, आणि त्याचीच त्यांना धास्ती वाटली. आपल्या हातानं या बाईचा घात होतोय! पण त्या दोन वाट्यांत सारख्या कवड्या का नकोत?

"नायक, तुमीबी कवड्या टाका," गुरुजी म्हणाले.

"निष्पापाचा हिशेब कायले?" बाबा ओरडला.

"निष्पाप हाय, तं भेव कायचं?"

सगळ्या तांड्यासमोर नायकाला नाही म्हणता येईना. सहा, एक, तीन. ६१३ मधून ३१६ गेले, उरले २९७. त्यात ७९२ मिळवले. १०८९.

नायकाचा चेहरा उतरला. शेजारचे दोन पावलं मागं सरले.

"त्याले तिनंच झपाटलं!" बाबा किंचाळला.

"मंग आता तू टाक," गुरुजी त्याच्याकडं वळले.

बाबानं घाईघाईनं टाकल्या. चार, दोन, चार. उलटा आकडाही तोच, वजाबाकी शून्य.

"पाहा! मी शुद्ध!"

"सारख्या टाकू नका म्हणून तूच सांगतलं न? आता काहून टाकल्या?"

बाबा घाईनं कवड्या गोळा करू लागला. गुरुजींनी पाटी उंच धरली.

"इकडं पाहा. टोकाचे अंक वेगळे असले, तं कोणताबी तीन अंकी आकडा उलटा करून वजा केला का मधात नऊ येतेच, अन् बाजूच्या दोघांची बेरीजबी नऊच. तो उलटा करून मिळवला का १०८९! बाई असो का नायक. यात देवी नाही, नुसती बेरीज-वजाबाकी हाय. वासरं खुरकुतीच्या रोगानं मेली, त्यायच्या तोंडात अन् खुरात फोड होते. घाटंजीहून जनावरांचा डॉक्टर आणा. अन् कोणी चमत्कार दाखवला, तं आधी तोच प्रयोग स्वतःवर करून पाहा, मंगच कोणाकडं बोट दाखवा."

दगड हळूच खाली पडला. नायकानं मान खाली घालून हात जोडले. सुखीबाईनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती पाटीसमोर येऊन बसली.

"गुरुजी, मले हा हिशेब शिकवा. पुढच्या बाईले कोणी असं उभं केलं, तं मी सांगीन."