रिकामा खिळा

मी एक जुना पितळी बिल्ला आहे. रुपयाएवढा गोल, वर एक भोक आणि छातीवर २१४७ हा आकडा. एवढ्याशा जिवाची कसली आलीय कथा, असं म्हणाल. पण मित्रांनो, मूर्ती लहान असली तरी मी जे पाहिलं, ते पाहून अजून माझी मती गुंग होते.

१९५७ साली भिलाईचा कारखाना उभा राहत होता. माळरानावर माणसंच माणसं! तेव्हा मी केवलरामच्या वाट्याला आलो. तो गोंदियाकडचा शेतकरी गडी, इथे येऊन खलासी झालेला. उंचावर चढून लोखंडी तुळया जोडायचा. गेटवरच्या फळ्यावर खिळे होते. कामावर जाताना आपला बिल्ला उचलायचा, सुटी झाली की परत टांगायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस कामावर, बिल्ला खिळ्यावर म्हणजे माणूस घरी. फोरमन असो की झाडूवाला, नियम सगळ्यांना एकच.

पहिल्या भट्टीतून लोखंडाचा लालभडक ओघ बाहेर आला, तेव्हा मी केवलरामच्या खिशात होतो. त्याने डोक्यावरचा रुमाल काढून हात जोडले. मीही थरारलो. यापुढे काय पाहायचं राहिलं, असं मला वाटलं. चुकलोच मी!

पुढे नवे बिल्ले आले आणि आम्ही जुने भंगारात निघालो. केवलरामने साहेबाला विनवून मला मागून घेतलं. त्याचा मुलगा हिरालाल नागपूरला मामाकडे शिकत होता. तो हवाई दलात निवडला गेला, तेव्हा कारखान्याच्या सेक्टर २ मधल्या क्वार्टरमध्ये दाराशेजारी त्याने एक खिळा ठोकला आणि आईला, मैनाबाईला म्हणाला, "माय, ड्युटीवर जातानी मी बाबाचा बिल्ला नेतो. सुटीवर आलो का इथं टांगतो. बिल्ला दिसला का समजजो, पोरगा घरी हाये."

"अन् नाही दिसला त?" मैनाबाईने विचारलं.

"त काम करून राहिला म्हणजो!"

असा मी हिराच्या छातीवरच्या खिशातून आकाशात गेलो. बाहेरचं काही दिसलं नाही, खोटं कशाला बोलू? पण एका वळणावर मी इतका जड झालो की आता खिसा फाटणार असं वाटलं. आणि माझ्यामागे हिराचं काळीज संथ चालू होतं. केवढा तो धीर!

घरी आल्यावर तो बापाला चिडवायचा, "तुमी लोखंड वितळवता, मी उडवतो."

"विमान लोखंडाचं नसते, येड्या," केवलराम म्हणायचा आणि मान वळवून हसायचा.

१९६५ च्या पोळ्याला हिरा सुटीवर आला. मी खिळ्यावर. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, गल्लीतली पोरं लाकडी बैल सजवत असताना तार आली : ताबडतोब हजर व्हा. एकच धांदल उडाली. मैनाबाईने पुरणपोळ्या बांधून दिल्या आणि हिरा पळत निघाला. थोड्या वेळाने तिची नजर भिंतीवर गेली. मी तिथेच होतो! केवलराम मला घेऊन सायकलवर दुर्ग स्टेशनला धावला, पण गाडी सुटली होती. त्याने मला आणून परत खिळ्यावर टांगलं.

सप्टेंबरात दुसरी तार आली. हिराचं विमान परत आलं नव्हतं. तो गेला होता.

क्वार्टरांची सगळी लाइन रडली. मैनाबाई तेवढी रडली नाही. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बिल्ला खिळ्यावर हाये. माहा हिरा घरी हाये. तुमी कावून रडून राहिले?" ती रोज हिराचं ताट वाढायची. मला वाटायचं, आपण गळून पडावं. पण पितळाला तेवढंही जमत नाही.

तेरवीच्या सकाळी हिराच्या सोबत्याचं पत्र आलं. शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवलं. त्या दिवशी सकाळची कामगिरी करून हिरा सुखरूप परतला होता. दुपारी एक सोबती जखमी होता, म्हणून त्याच्या जागी हिरा आपणहून पुन्हा गेला.

केवलरामने खिळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "डबल केली पोरानं." कारखान्यात बदलीचा माणूस आला नाही तर दुसरीही पाळी करतात, तिला डबल म्हणतात. "हिराची माय, तो डबल करून राहिला. डबलवाल्याचा बिल्ला खिळ्यावर राहते का? घाईत इसरला तो. त्याची हाजरी कोन लावन?"

मैनाबाई उठली. तिचा हात माझ्याकडे आला. तिने मला खिळ्यावरून काढलं, पदराने पुसलं आणि पदराच्या गाठीत घट्ट बांधलं. मग तिने हंबरडा फोडला. मित्रांनो, मी भट्टी पाहिली, आभाळ पाहिलं, पण त्या हाताएवढं मोठं काही पाहिलं नाही.

त्याला तीन वर्षं झाली. मी अजून त्या गाठीत आहे. परवा शेजारच्या गयाबाई नवं कॅलेंडर घेऊन आल्या आणि त्या खिळ्याकडे वळल्या. मैनाबाई म्हणाली, "तिथं नको, बाई. मानूस कामावर हाये."

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. कोणाच्या घरी दाराशेजारी रिकामा खिळा दिसला, तर त्यावर लगेच काही टांगू नका. आधी विचारा, कामावर कोण गेलं आहे?