तीनशे ग्रॅमचं खोटं

मी एक जुना वजनकाटा आहे, आणि मित्रांनो, आधी एक कबुली देऊन टाकतो. मी सलग दोन महिने खोटं बोललो. त्यापायी एक कोंबडी मरता मरता वाचली. वाचली हो, म्हणून तर हे सांगायला मला तोंड आहे!

तसा माझा जन्म मोठ्या मानाचा. पोटात पोलादी स्प्रिंग, तोंडावर गोल पांढरी तबकडी, आणि नेमणूक थेट प्रसूतिगृहात. माझ्या हुकाला कापडी झोळी अडकवायची आणि झोळीत तान्हं बाळ. तिथल्या नर्सबाई रोज सकाळी मला आधी रिकामा टांगायच्या. सुई शून्यावर आहे ना, ते डोळे बारीक करून बघायच्या आणि मगच बाळाला हात लावायच्या. "माझा काटा कधी चुकायचा नाही," असं त्या मोठ्या डॉक्टरांनाही सुनवायच्या. ते ऐकून मी नुसता फुलून जायचो.

पुढे तिथे विजेवर चालणारं यंत्र आलं आणि मी अडगळीत पडलो. निवृत्त होताना नर्सबाईंनी मला मागून घेतलं आणि घरी आणलं. घरात तान्हं कोणी नव्हतं, परसात पाच कोंबड्या होत्या. मग काय, महिन्यातून एकदा त्याच झोळीत कोंबड्या बसू लागल्या! आधी मला भारी अपमान वाटला. बाळं निदान तबकडीवर चोच तरी मारत नाहीत.

त्या पाचांत एक होती सरदारीण. नर्सबाईंच्या सूनबाईंनी तिला पिल्लू असल्यापासून शिलाई मशीनजवळच्या खोक्यात वाढवलं होतं. दाण्यावर पहिला हक्क तिचा, आणि वाटेत कोण आलं तर त्याची धडगत नाही. वजन एक किलो नऊशे.

एकदा मला टांगायचा पडवीतला खिळा निघाला आणि मी फरशीवर आपटलो. काच शाबूत राहिली, पण मी रिकामा असतानाही सुई शून्याऐवजी तीनशेवर जाऊन बसली ती बसलीच. हे कोणाला कळलंच नाही, कारण घरी आल्यापासून नर्सबाईंनी मला रिकामा बघणं सोडलं होतं. कोंबडी आधी झोळीत गुंडाळायची, मग झोळी हुकाला लावायची. वजन झालं की मी परत पिशवीत.

त्या महिन्यात चार कोंबड्या तीनशे ग्रॅमनी वाढलेल्या निघाल्या. नर्सबाईंना कोण आनंद! "बघ, माझ्या हातचं खाणं कसं अंगी लागलं!" सरदारीण मात्र तेवढीच भरली, एक किलो नऊशे.

सूनबाई म्हणाल्या, "आई, ही हलकी लागते हो हाताला. छातीचं हाड टोचतंय."

"अगं, पिसं झडायचे दिवस आहेत. काटा काय म्हणतो ते बघ."

पुढच्या महिन्यात तेच. सरदारीण आता दाण्याकडे धावत नव्हती. तुरा फिका पडला होता, शेपटीखालची पिसं घाण झाली होती, आणि ती कोपऱ्यात पिसं फुगवून बसायची. फुगलेली कोंबडी लांबून गुबगुबीत दिसते, हीच तर फसगत! सूनबाई रोज तिला मांडीवर घेऊन छाती चाचपायच्या. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, की बाई, तुमचाच हात खरा आहे. पण वजनकाट्याला सुईखेरीज जीभ कुठली?

एका सकाळी सरदारीण उठलीच नाही. सूनबाई तडक स्वयंपाकघरात गेल्या आणि मिठाची न फोडलेली एक किलोची पुडी घेऊन आल्या. ती त्यांनी झोळीत ठेवली आणि झोळी मला अडकवली.

एक किलो तीनशे.

नर्सबाई चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. "म्हणजे ही सोळाशेच आहे? अगं, दोन महिने मी तुला वेड्यात काढलं!"

"राहू द्या आई. आधी डॉक्टर गाठू."

जनावरांच्या डॉक्टरांनी ताजी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मान हलवली. "जंतांची अंडी खच्चून भरली आहेत. पाचही जणींना औषध द्या, प्रत्येकीला तिच्या खऱ्या वजनाप्रमाणे. मी सांगेन तोवर यांची अंडी खायची नाहीत, आणि सांगेन त्या दिवशी दुसरा डोस द्यायचा."

"वाचेल ना?" सूनबाईंनी विचारलं.

"आणखी आठवडा थांबला असतात तर सांगता आलं नसतं."

घरी येताच नर्सबाईंनी स्क्रू फिरवून माझी सुई शून्यावर आणली. मग एकेकीचं वजन करून ड्रॉपरने औषध पाजलं. पण नुसत्या औषधाने भागत नाही, मित्रांनो. जंतांची अंडी विष्ठेतून पडतात, खुराड्यातल्या ओल्या भुशात तग धरतात आणि दाण्यांबरोबर पुन्हा पोटात जातात. म्हणून सासूसुनेने पदर खोचून सगळा जुना भुसा काढला, कोरडा पसरला, गळका नळ दुरुस्त करवला आणि दाण्याचं भांडं कोंबडीच्या पाठीइतकं उंच टांगलं.

पाचव्या दिवशी सरदारिणीने शेजारणीला टोचून दाण्यावरून हाकललं. सूनबाई हसता हसता रडल्या, आणि माझाही जीव भांड्यात पडला.

आता ती मिठाची पुडी माझ्याशेजारीच असते. तिला कोणी फोडायचं नाही, अशी नर्सबाईंची ताकीद आहे. दर महिन्याला आधी मला रिकामा बघायचं, मग पुडी, मग कोंबडी. मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखा कोणी विश्वासाचा जुना नोकर असेल. त्याला अधूनमधून तपासत जा. त्याचा अपमान होत नाही, उलट त्याची अब्रू राहते.

परवा सरदारीण झोळीत बसली तेव्हा नर्सबाई माझ्याकडे बघायला तयारच नव्हत्या. त्यांनी तिला उचलून सुनेच्या हातात दिलं आणि विचारलं, "आधी तू सांग, किती?"

सूनबाईंनी छाती चाचपली. "अठराशेच्या पुढे आहे, आई."

मग मला विचारलं. मी सांगितलं, एक किलो साडेआठशे.