किटलीचं झाकण

चिनी मातीची किटली धाकट्या बहिणीला टपालाने पाठवायची म्हणून ताईचं सकाळपासून डोकं उठलं होतं. त्यात नवरा म्हणाला, "चार कागद कोंबले की झालं."

"तुम्ही नुसतं कोंबाच! फुटली तर जन्मभर मलाच ऐकावं लागेल."

तिने किटली जाड कापडात गुंडाळली. झाकण आपटू नये म्हणून वेगळं काढलं, वर्तमानपत्राच्या चार थरांत बांधलं आणि उरलेल्या जागेत कागदाचे बोळे ठासून भरले. मग खोकं गदागदा हलवून पाहिलं. ते हूं की चूं करेना.

आठवड्याने धाकटीचा फोन आला. "ताई, किटलीचा एक टवका उडाला नाही गं! पण झाकण विसरलीस."

"विसरले? मी? अगं, कागदात गुंडाळलंय, नीट बघ!"

"ते बोळे? कचऱ्याच्या डब्यात मावेनात, म्हणून ह्यांनी पायाने दाबून बसवले."

ताईने कपाळावर हात मारला. "आणि त्यांना काहीच कळलं नाही?"

"कळलं ना. म्हणाले, तुझ्या ताईचे कागदसुद्धा कडक! मग उडीच मारली."