परत मागितलेली रॅकेट

ऑगस्ट आणि उन्हाळी सुट्टी संपत आली की जपानमधल्या आमच्या गावातल्या सगळ्या आया पोरांच्या मागे लागतात. सुट्टीचा अभ्यास झाला का, वर्गात घालायचे बूट धुतले का, केस कापले का. मासाए तर यात सगळ्यांच्या पुढे. शाळा उघडायला आठवडा असतानाच तिने आपल्या लेकीच्या, कोतोनेच्या गणवेशाला कडक इस्त्री केली आणि तो लेकीच्या खोलीत दाराच्या चौकटीला टांगून ठेवला. पोरगी रोज बघेल, हुरूप येईल, असा तिचा हिशेब होता.

हुरूप राहिला बाजूला, आठवीतली कोतोने दुपारपर्यंत अंथरुणातून उठेना. उन्हाळ्यात जेवायला करतात त्या थंड शेवया वाटीत तशाच राहायच्या. "वयच असं असतं," मासाए म्हणायची आणि पुन्हा कामाला लागायची.

एका दुपारी मासाएची थोरली बहीण तोशिको आली. नोकरीची सगळी वर्षं तिने शाळेच्या आरोग्य-खोलीत आजारी, घाबरलेल्या मुलांना सांभाळण्यात काढली होती. मासाएने तिच्यापुढे नाशपाती चिरून ठेवली.

"गोड आहे गं. कुठून आणलीस?"

"शेजारच्या ओकामुराबाईंनी दिली, पेटीभर. कोतोनेने बॅडमिंटनची रॅकेट त्यांच्या फुमीला देऊन टाकली ना, त्याची परतभेट. गल्लीत नुसतं कौतुक चाललंय, केवढं मोठं मन म्हणून."

तोशिकोने हातातली फोड बशीत ठेवली. "कुठली रॅकेट? आजोबांनी घेऊन दिलेली? उशाशी घेऊन झोपायची ती?"

"तीच."

"आणि तुला कौतुक वाटलं?"

"म्हणजे काय ताई?"

"जीव की प्राण असलेली वस्तू पोर उगाच देऊन टाकत नाही, मासाए. धड जेवत नाही, मैत्रिणींकडे जात नाही, आणि आता ही आवराआवर. शाळा उघडायच्या तोंडावर अशी मुलं मी पाहिली आहेत. तिला विचार."

"काय विचारू?"

"जगणं नकोसं झालंय का. याच शब्दांत."

मासाएचा चेहरा उतरला. "काहीतरीच काय! नसतं तिच्या डोक्यात भरवू का मी?"

"विचारल्याने काही भरत नाही. असलंच तर ते आधीपासून आहे, आणि ती एकटी त्याच्याशी झुंजतेय. तू विचारलंस की निदान दोघी व्हाल."

"आणि लोकांना कळलं तर?"

"लोक गेले खड्ड्यात. ऊठ, मी बसलेय इथे."

मासाए माडीवर गेली. कोतोने भिंतीकडे तोंड करून पडली होती. गणवेश पंख्याच्या वाऱ्याने हलत होता. मासाएने आधी तो काढून कपाटात कोंबला, इस्त्री मोडली तरी. मग ती मुलीच्या पाठीशी बसली.

"कोतोने, तुला जगणं नकोसं वाटतं का गं?"

भिंतीकडूनच आवाज आला, "शाळेचा दिवस उजाडूच नये असं वाटतं. उजाडला तर मी नसावं."

"हिंमत धर" हे रोजचे शब्द मासाएच्या अगदी ओठांवर आले होते, ते तिने गिळले. "सांग मला," एवढंच म्हणाली.

कोतोनेने सांगितलं. शाळेच्या बॅडमिंटन संघातल्या मुलींनी जूनपासून तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ती सरावाला गेली की सगळ्या पाठ फिरवायच्या. "आणि तू रोज म्हणायचीस, हिंमत धर. माझ्यात उरलीच नाही, आई."

"नको धरूस. त्या दिवशी शाळेत जायचं नाही. पुढचं पुढे, आपण मिळून बघू."

कोतोने वळली. "लोकांना काय सांगशील? ताप आलाय?"

"खरं ते सांगेन."

तेव्हा कोतोने रडली, पोटभर रडली, आणि मासाएही.

दुसऱ्याच दिवशी तिघी तोशिकोच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्या. मासाएने आपलं अंथरूण मुलीच्या खोलीत हलवलं. कोतोनेचे वडील नोकरीच्या गावाहून रजा काढून आले. वर्गशिक्षकांशी बोलणं झालं, आडपडदा न ठेवता.

शाळा उघडली त्या सकाळी पोरांचा घोळका गल्लीतून गेला. कोतोने झोपायच्या कपड्यांतच शेवया खात होती. वाटी पुढे करून म्हणाली, "अजून आहेत?" मग जरा घुटमळून, "आई, ती रॅकेट परत मागितली तर फार वाईट दिसेल का?"

आमच्याकडे दिलेली वस्तू परत मागणं म्हणजे नाक कापून घेणं, त्यातून परतभेटीची नाशपाती खाऊन संपवलेली!

"दिसू दे वाईट," मासाए म्हणाली. "का हवी, तेही सांगू?"

कोतोनेने मान डोलावली. "सांग."

ओकामुराबाईंच्या दारात मासाए कमरेत वाकली. शाळेत मुलीला त्रास झालाय, सध्या ती घरीच आहे, आणि तिला तिची रॅकेट हवीय, असं तिने सरळ सांगून टाकलं. ओकामुराबाई आत जाऊन रॅकेट घेऊन आल्या. ती देताना हळूच म्हणाल्या, "आमचा थोरलाही आज शाळेत गेला नाही. मी शाळेला ताप म्हणून कळवलं. तुमच्या ताईंशी बोलता येईल का हो?"

घरी कोतोनेने रॅकेटच्या तारांवरून बोट फिरवलं. "फुमीने पार ढिली करून टाकलीय," ती कुरकुरली. कित्येक आठवड्यांनी लेकीची कुरकुर ऐकून मासाएला इतकं हलकं वाटलं की ती हसतच सुटली.

वाचकहो, सुट्टी संपताना पोरांच्या वह्या जरूर तपासा. पण त्याआधी पोराजवळ बसा आणि जे विचारायला जीभ रेटत नाही, नेमकं तेच विचारा. उत्तर ऐकून छातीत धस्स होईल, पण पोर एकटं राहणार नाही. शाळा काय, उद्याही उघडीच असते.