दोघींचा झोका

वहिनीला बारा दिवसांच्या सहलीत एकच वाक्य बोलायचं होतं, आणि आज आठवा दिवस उजाडला होता. वाक्य तसं साधंच होतं: 'पिटू, मी लग्न करतेय.' पण ते सांगायचं होतं नणंदेला. नणंदही अशी, की जिनं बसची ही भटकंती हौसेनं आखली, दोघींच्या सॅक भरल्या आणि 'वहिनी, एकदा तरी जरा उंडारू या' म्हणत तिला ओढून आणलं.

पिटू म्हणजे पिटुकली. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून मोठ्या भावानं ठेवलेलं नाव. आता ती बत्तीस वर्षांची, चांगली भरभक्कम भूगोलाची बाई होती आणि अख्खा वर्ग नुसत्या नजरेनं गप्प करायची, पण नाव काही सुटलं नाही. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा ही बारा वर्षांची, आई नसलेली. केसांतला गुंता सोडवण्यापासून सायकल शिकवण्यापर्यंत सगळं वहिनीनंच केलं. सहा वर्षांपूर्वी भाऊ गेला. वहिनी आता माहेरी जाणार असं सगळे धरूनच चालले होते. ती गेली नाही. दोघी त्याच दोन खोल्यांत राहिल्या, एकमेकींवर डाफरत आणि एकमेकींना जपत.

वहिनी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. खाली औषधांचं दुकान. तीन वर्षं त्या दुकानदाराशी 'काय, आज उशीर?' याच्या पलीकडे बोलणं गेलं नव्हतं. गेल्या महिन्यात त्यानं सरळ विचारलं, आणि वहिनीनं सरळ हो म्हटलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी आपले कान असे तापतील असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ती सुखात होती, लपवायचं कशाला? फक्त पिटूला कसं सांगायचं, एवढ्या एकाच विचारानं त्या सुखात मिठाचा खडा पडत होता.

पहिल्या गावात राफ्टिंग होतं. वहिनीनं धीर एकवटून 'पिटू, ऐक ना' म्हटलं आणि तोंड उघडलं, तेवढ्यात अर्धी नदी तोंडात शिरली. दुसऱ्या गावात कडा चढायचा होता. वहिनी वर लटकलेली, आणि खाली तिचा दोर धरून पिटू उभी. आता ज्या माणसाच्या हातात आपला दोर आहे त्याला असली बातमी कुणी शहाण्यानं सांगावी का? वहिनी मिठाची गुळणी धरून खाली उतरली. तिसऱ्या गावात तर तिनं पाय मुरगळल्याचं निमित्त करून खोलीतच दिवस काढला. म्हणजे पाय मुरगळला होताच, पण फार नाही.

बसमध्ये सगळी सॅकवाली तरुण पोरं. वयानं यांच्या जवळपास एकच, एकटी फिरणारी दाताची डॉक्टरीण. ड्रायव्हरदादा हाच गाइड, हाच हिशेबनीस आणि हाच बसमधला सगळ्यात मोठा थापाड्या. पुढचं गाव जवळ आलं की तो एका पुठ्ठ्याला लावलेला कागद मागे धाडायचा. ज्याला जे करायचं त्यानं त्यापुढे नाव लिहायचं.

आठव्या दिवशी तो कागद पिटूकडे आला. 'दरीवरचा झोका, एका वेळी दोघं' असं लिहिलं होतं. पिटूनं दोघींची नावं टाकली आणि कागद मागे दिला.

"पिटू, मी लग्न करतेय," वहिनी म्हणाली. आपण खरंच बोललो हे तिचं तिलाच उशिरा कळलं.

पिटूनं पेनाचं टोपण लावलं. "कोण?"

"खालचे. औषधवाले."

"बरं," पिटू म्हणाली, आणि उठून मागे डॉक्टरणीशेजारी जाऊन बसली.

चार तास ती तिथून हलली नाही. उतरताना डॉक्टरीण वहिनीला म्हणाली, "तुमच्या नणंदेची अक्कलदाढ दुखतेय का हो? सगळी इत्थंभूत माहिती घेतली माझ्याकडून."

"दाढ नाही," वहिनी म्हणाली, आणि तिला भडभडून आलं.

हॉस्टेलवर दुमजली पलंग होता. पिटूचं तोंड फुगलेलंच. पण आल्या आल्या तिनं आपली सॅक वरच्या पलंगावर फेकली आणि धापा टाकत शिडी चढली. पहिल्या दिवसापासून वरचा पलंग तिचाच, कारण वहिनीचा गुडघा. पोरगी रागावली तरी गुडघा विसरत नाही, हे पाहून वहिनीला आणखीच वाईट वाटलं. असल्या माणसाला सोडून कसं जायचं?

सकाळी दरीच्या कडेला वजनं झाली. झोकेवाल्यानं दोघींच्या हातांवर मार्करनं आकडे लिहिले, बेरीज केली आणि उगाचच दोर पुन्हा एकदा तपासून पाहिला. एरवी पिटूनं त्याला फाडून खाल्लं असतं. आज ती दरीकडे बघत उभी राहिली.

"नसेल यायचं तर राहू दे," वहिनी हळूच म्हणाली.

"नाव दिलंय."

झोकेवाल्यानं दोघींना शेजारी शेजारी उभं केलं, पट्टे आवळले, बकलं लावली. खांद्याला खांदा, आता पळायला जागा नाही. पायांखाली लाकडी फळी आणि फळीच्या पुढे नुसती हवा.

"तयार?" झोकेवाल्यानं विचारलं.

"थांबा," पिटू म्हणाली. समोरच्या डोंगराकडे बघतच तिनं विचारलं, "त्यांना बहीण आहे?"

वहिनीनं वळून तिच्याकडे पाहिलं. "दोघी आहेत."

"मोठ्या?"

"एक मोठी. एक धाकटी."

वर्गाला धाक दाखवणारी ती बाई कुठल्या कुठे गेली आणि बारा वर्षांची पोर उभी राहिली. "ती धाकटी तुला वहिनी म्हणणार."

कालपासून वहिनी नको नको ते मनात आणत होती. भावाची आठवण, घर, लोक काय म्हणतील, सगळं. त्यातलं काहीच नव्हतं.

"म्हणू देणार नाही," वहिनी म्हणाली.

"नावानं हाक मार म्हणावं. नाहीतर ताई. काकू म्हण म्हणावं, माझं काही जात नाही. पण वहिनी नाही."

"नाही, गं. तू सोडून कुणी नाही."

"अहो ताई, मागे रांग आहे," झोकेवाला म्हणाला.

"मग सोडा की!" पिटू खेकसली, आणि तिनं वहिनीचा हात घट्ट धरला.

त्यानं खटका ओढला. फळी गेली. बाकीचे सगळे खाली जाताना आईच्या नावानं ओरडले होते. पिटू पूर्ण दरीभर ओरडली, "वहिनीऽऽऽ!"