खास शाळेचा फॉर्म

सिमा आवसकरने मुंबईत अकरा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं होतं, पण तिचं सर्टिफिकेट लंडनमध्ये कोणी मानलं नाही. नवरा रुबेनबरोबर हॅरोला आल्यावर तीन वर्षं ती एका कारखान्यात डब्यांना लेबलं लावत होती. म्हणून १९६९च्या सप्टेंबरात एका प्रायमरी शाळेने तिला कामावर घेतलं, तेव्हा घरी येऊन ती नुसती खुर्चीत बसून राहिली. रुबेनने दोनदा विचारलं, "काय झालं?" मग ती म्हणाली, "परत शाळेत जायचंय."

शाळा ट्रेनने वीस मिनिटांवर होती. बाहेरच्या देशांतून आलेली मुलं जिथे जास्त, तिथल्या शाळांना सरकारकडून वाचनासाठी जादा मदत मिळू लागली होती. त्यातून एक रीडिंग रूम झाली आणि सिमाची जागा निघाली. सकाळी पाच-पाच मुलांना घेऊन वाचन, दुपारी त्यांच्या घरी भेट. हेडमास्तर मिस्टर हॉलम हळू आवाजात बोलणारे, नेहमी दार उघडून धरणारे गृहस्थ होते. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "पालक आमच्याकडे येत नाहीत, मिसेस आवसकर. तुम्ही त्यांच्याकडे जा. तुमच्यावर ते विश्वास ठेवतील."

प्रत्येक भेटीनंतर एक कार्ड भरायचं. घरात कोणती भाषा, पुस्तकं आहेत का, मूल मोकळं बोलतं का. कार्डं हॉलम यांच्या कपाटात जात. दर गुरुवारी कौन्सिलचे मिस्टर लौरी येत, कार्डं वाचत, एखाद्या मुलाला अर्धा तास बाजूच्या खोलीत नेत आणि त्याला ठोकळे आणि चित्रं दाखवत. त्यानंतर कधीकधी सिमाच्या हातात एक फॉर्म येई, त्यावर पालकांची सही आणायची. फॉर्मवर लिहिलेलं असे, मुलाला स्पेशल शाळेत घालण्यास आमची हरकत नाही.

सिमाने 'स्पेशल'चं मराठीत 'खास' केलं. हिंदी बोलणाऱ्या घरांतही तोच शब्द चालला. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. ऑक्टोबरात मोहन साप्रेने सही केली. तो बस कंडक्टर होता, बायको वारलेली, वीणा ही एकुलती एक मुलगी, नऊ वर्षांची. "पोरगी खास शाळेत जाणार, बाई," म्हणून त्याने सिमाला बसवून स्वतः शिरा करून खायला घातला. नाताळापर्यंत तिने अशा पाच सह्या आणल्या. ती पाचही मुलं रीडिंग रूममधून गेली आणि त्यांच्या जागी दुसरी पाच आली.

जानेवारीत अलका खांबेटे आली. सात वर्षांची, दोन वेण्या, कायम मान किंचित वर करून बघणारी. बाप गिरीश एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होता, आई प्रमोदिनी घरी. सिमाने त्यांच्या घरी तासभर बसून कार्ड भरलं. जे पाहिलं ते खरं खरं लिहिलं: हाक मारली तरी मुलगी ओ देत नाही. विचारलेल्याचं उत्तर तिच्या वतीने आई देते.

दोन आठवड्यांनी फॉर्म आला. गिरीशने तो सिमासमोर वाचला, "खास म्हणजे चांगलीच असणार ना?" असं विचारलं आणि सही केली.

त्याच आठवड्यात सिमा सहज मोहनकडे डोकावली. वीणा नुकतीच शाळेतून आली होती. काय शिकलीस म्हणून विचारल्यावर तिने दप्तरातून भोकं पाडलेला पुठ्ठा काढला, त्यातून लाल दोरा ओवलेला होता.

"आणि वाचायला?"

"वाचायला नसतं तिकडे. जेवण झालं की झोपायचं."

"झोपायचं?"

"हो, सगळ्यांनी. खाटा आहेत." मग ती जरा जवळ आली. "पूर्वी मला सगळं पान वाचता यायचं, बाई. आता मधलं मधलं जातं."

मोहन आत चहा टाकत होता. सिमाने त्याला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या भेटी सोडून सिमा ती शाळा बघायला गेली. उंच विटांच्या भिंतीमागे बैठी इमारत होती, फाटकावर इंग्रजीत पाटी होती: मंदबुद्धी मुलांसाठी. एका बाईने तिला दारातच थांबवलं, पण उघड्या दारातून आतला हॉल दिसत होता. पडदे ओढलेले होते, खाटांच्या रांगा होत्या, त्यावर बारा-तेरा वर्षांची मुलंसुद्धा डोळे उघडे ठेवून गप्प पडली होती. कोणी कूसही बदलत नव्हतं.

"इथून मुलं परत साध्या शाळेत कधी जातात?" सिमाने विचारलं.

त्या बाईला प्रश्न कळला नसावा. "सोळा वर्षांची झाली की सुटतात," ती म्हणाली.

सिमा परतीच्या ट्रेनमध्ये बसली आणि आपलं स्टेशन कधी गेलं ते तिला समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी रीडिंग रूममध्ये ती अलकाच्या पाठीमागे उभी राहून मोठ्याने वाचत होती. बाकीच्यांची बोटं ओळीवरून सरकत होती, अलकाचं तिथेच. सिमा समोर येऊन बसली, तसं अलकाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि बोट हललं. तिने पुस्तक ओठांसमोर धरलं आणि मराठीत म्हणाली, "अलका, तुझी वेणी सुटलीय." मुलगी शांत बसून राहिली. पुस्तक बाजूला करून सिमाने तेच वाक्य तसंच म्हटलं. अलकाचा हात झटकन वेणीकडे गेला.

सिमा तशीच हॉलम यांच्याकडे गेली. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि कपाटातून कार्ड काढलं.

"हाक मारली तरी ओ देत नाही," त्यांनी वाचलं. "हे तुमचंच अक्षर ना?"

"तिला ऐकू येत नाही. म्हणून."

"तुम्ही डॉक्टर नाही, मिसेस आवसकर. मिस्टर लौरींनी तिला तपासलंय. पालकांची सही आहे, ती तुम्हीच आणलीत." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "त्या शाळेची बस सोमवारी येईल. मुलगी तिथे सुखात राहील. आणि आपली यादी मोठी आहे. तिची जागा लागणार आहे."

रविवारी सिमा खांबेट्यांकडे गेली. पाहिलेलं सगळं तिने सांगितलं, खाटा, पडदे, सोळा वर्षं. प्रमोदिनीने पदर तोंडाला लावला.

"बाई, आम्ही सही करून बसलोय," गिरीश म्हणाला. "इथल्या लोकांशी वाकडं घेऊन आम्ही राहायचं कसं?"

"सही मी करून घेतली. चूक माझी आहे. पण तिला पाठवू नका. आधी तिचे कान दाखवा."

सोमवारी आठ वाजता सिमा त्यांच्या पुढच्या खोलीत होती. क्रीम रंगाची छोटी बस दाराशी थांबली. हॉर्न दोनदा वाजला. अलकाला तो ऐकू आला की नाही कोण जाणे, पण आईचा चेहरा बघून ती सोफ्यामागे गेली. कोट घातलेली एक बाई उतरली आणि तिने दार ठोठावलं. प्रमोदिनीने दार उघडून इंग्रजीत एवढंच म्हटलं, "नॉट कमिंग. हर इयर्स." त्या बाईने वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि खिडकीतल्या सिमाकडे पाहिलं. बस गेली. मंगळवारी पुन्हा आली, बुधवारी पुन्हा. गुरुवारी बसबरोबर एक पत्रही आलं, मुलीला शाळेत न पाठवल्यास कारवाई होईल असं.

शुक्रवारी गिरीशने धीर करून आपल्याच हॉस्पिटलमधल्या कानाच्या डॉक्टरांना गळ घातली. त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं की दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठलंय, लहानसं ऑपरेशन करावं लागेल. त्यांचं पत्र हॉलम यांनी दोनदा वाचलं. अलकाचं नाव यादीतून निघालं. जुलैत शाळेने सिमाला कळवलं की पुढच्या वर्षी तिची गरज नाही.

तोवर ती उरलेल्या पाचही घरी जाऊन आली होती. दोन घरांनी दार उघडलं नाही. एक कुटुंब गाव सोडून गेलं होतं. एका आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, तिथे निदान त्याला कोणी मारत नाही. मोहनने तिला उंबऱ्यातच उभं केलं.

"तेव्हा तुम्हीच सांगितलंत चांगलं आहे. आता तुम्हीच सांगताय वाईट आहे. मी कोणतं खरं धरू?"

"आताचं."

"आणि तेव्हा?"

"दर रविवारी येऊन वीणाला वाचायला शिकवू द्या," सिमा म्हणाली. त्याने दार बंद केलं नाही, एवढंच.

ती दर रविवारी जाऊ लागली. पुढचे कित्येक महिने मोहन तिच्याशी बोलला नाही, चहा मात्र टेबलावर ठेवून जायचा. वीणाला साध्या शाळेत परत घ्या असा सिमाने त्याच्या नावाने कौन्सिलला अर्ज लिहिला, मग दुसरा लिहिला. पहिल्याचं उत्तर आलंच नाही. दुसऱ्याचं १९७१च्या नोव्हेंबरात आलं. रविवार होता. लिफाफा वीणाने उघडला आणि सिमाने हात पुढे करायच्या आत ती मोठ्याने वाचू लागली, शब्दाशब्दाला थांबत. तिची प्रगती पाहता, साध्या शाळेतल्या वाचनाचा ताण तिला झेपणार नाही, असं आमचं मत आहे. 'मत'साठीच्या इंग्रजी शब्दापाशी ती अडखळली, मागे गेली आणि तो बरोबर म्हणाली.

वाचून झाल्यावर तिने बापाकडे पाहिलं. "हे माझ्याबद्दल आहे?"

मोहनने पत्र तिच्या हातातून घेतलं आणि तिच्याकडे न बघता सिमाला म्हणाला, "अजून एक अर्ज लिहा, बाई."

सिमाने पेन काढलं. अर्ज लिहिला आणि पाठवला. त्याचं उत्तर फेब्रुवारीत आलं, आणि तेही नाहीच होतं.